गुडघ्यावरचा बुन्युएलो

मेक्सिकोतील ख्रिस्ती घरांत नाताळला तळला जाणारा बुन्युएलो म्हणजे पापडासारखी पातळ, कुरकुरीत पुरी. वर साखर आणि दालचिनीची पूड. काही घरांत कणकेची गोळी गुडघ्यावर फडके पसरून त्यावर ताणतात; लाटण्याने तशी पातळ होत नाही म्हणे! यातले मूळचे तिथले काहीच नाही. गहू स्पॅनिशांचा, दालचिनी सिलोनची. ऊस कोलंबसाने १४९३ साली कॅरिबियन बेटांवर नेला, तेथून तो पुढे गेला. १५२१ साली आझ्टेकांची राजधानी पडली. ते राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून प्रसादासारख्या वाटून खात. मिशनऱ्यांनी ती प्रथा मोडली, आणि सणाच्या ताटात गहू आला. आम्हा धर्मगुरूंनी ही गोष्ट टाळून पुढे जाऊ नये. ओआहाका शहरात पाकातला बुन्युएलो खाऊन होताच मातीची बशी आपटून फोडतात.