मुंबई–कोल्हापूर मोटार-चाचणी (१९०८) : प्रतिस्पर्धी गाड्यांच्या मूल्यमापनाचा एक प्रश्न

निर्मात्याचा दावा आणि गाडीची प्रत्यक्ष चाल यांतील अंतर मोजण्याचे मोटारयुगाच्या आरंभीचे प्रमुख साधन म्हणजे सार्वजनिक चाचणी होय. १९०८ ची मुंबई–कोल्हापूर चाचणी हे तिचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. सुमारे ६२० मैलांच्या या चाचणीत सह्याद्रीतील सहा घाट होते. तीत रोल्स-रॉइसची ४०/५० अश्वशक्तीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही गाडी अग्रेसर ठरली; पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

मार्गाची निवड अर्थपूर्ण होती. कृष्णा-पंचगंगेच्या ज्या सपाट प्रदेशात शाहू छत्रपतींनी पुढे जयसिंगपूर वसविले, तेथे कोणतीही बरी गाडी सुखाने चालते व गाड्यांतील भेद उघड होत नाही. घाटाच्या लांब चढणीत मात्र यंत्र तापते, पाणी उकळते. उतरणीवर पुढील चाकांना ब्रेक नसलेल्या त्या काळच्या गाडीची खरी कसोटी लागते.

तथापि अशा चाचणीची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. गाडी थांबली की नाही, एवढेच ती निश्चितपणे सांगते. १९०७ साली रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ‘सिल्व्हर घोस्ट’ने अनैच्छिक थांब्याविना १४,३७१ मैल कापले, तेथेही निकष हाच होता. स्टिअरिंग किती हलके, वेग किती सहज, हे त्यातून कळत नाही.

ते कळते दुसऱ्या परंपरेतून. तीत निर्माताच प्रतिस्पर्ध्याची गाडी पारखतो. हेन्री रॉइस यांनी वापरलेली फ्रेंच देकोव्हील गाडी घेतली, तिचे दोष हेरले आणि १९०४ मध्ये स्वतःची गाडी रस्त्यावर आणली. १९२४ साली फ्रान्समध्ये बेंटले यांच्या प्रायोगिक गाडीची रोल्स-रॉइसच्या प्रायोगिक गाडीशी वाटेत गाठ पडली. दोन्ही बरोबरीने धावल्या. त्यानंतर बेंटले यांनी आपले यंत्र सुमारे साडेसहा लिटरपर्यंत वाढविले.

ही परीक्षा खाजगी व पक्षपाती, पण सूक्ष्म. कोल्हापूरची सार्वजनिक, पण स्थूल. म्हणून १९०८ च्या निकालाचा अर्थ ‘सर्वोत्तम गाडी’ असा न करता ‘सह्याद्रीच्या घाटांत टिकलेली गाडी’ असाच करणे इतिहासदृष्ट्या युक्त ठरते.