सामानाचा प्लॅटफॉर्म (छोट्या ऑफरोड गाडीतला)

छोट्या फोर बाय फोर गाडीत मागची सीट मिटवून किंवा काढून त्या जागी बसवलेली सपाट फळी आणि तिच्याखालचे कप्पे. फळीवर अंथरूण किंवा मोठ्या बॅगा, खाली हत्यारे, शेगडी, पाण्याचे कॅन अशी ढोबळ विभागणी असते. ऑस्ट्रेलियात लँड क्रूझरसारख्या मोठ्या गाड्यांत ड्रॉवर आणि सरकता फ्रिज बसवण्याची पद्धत रुळलेली आहे. जपानात गाडीतच मुक्काम करण्याला ‘शाचूहाकू’ म्हणतात आणि जिम्नीसाठी त्याचे तयार संच मिळतात. आपल्याकडे हे काम बहुधा ओळखीच्या सुताराकडे जाते. तो ते किचन ट्रॉलीसारखे करतो, आणि निम्मे बिघाड तिथूनच सुरू होतात.

१९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीत हे काम सोपे होते. तिची मागची बाके समोरासमोर, चाकांच्या खोक्यांवर असत. ती काढली की दोन्ही खोक्यांवर फळी आडवी टाकता येई. २०२३ मध्ये भारतात विक्रीला आलेल्या पाच दारी जिम्नीत तसे जमत नाही. तिची डिकी २०८ लिटरची, मागच्या सीटची पाठ पाडली की ३३२ लिटर. पण पाडलेली पाठ डिकीच्या तळाशी समतल येत नाही, मध्ये पायरी राहते. प्लॅटफॉर्मची उंची ही पायरीच ठरवते. झोपायचे असेल तर पुढची सीट सरकवून बिजागरीची आणखी एक फळी पुढे उलगडावी लागते.

खरा हिशेब वजनाचा. या जिम्नीचे रिकामे वजन सुमारे १२०० किलो आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा १५४५ किलो. म्हणजे माणसे, पाणी, सामान आणि प्लॅटफॉर्म मिळून साधारण ३४० किलो. दोन धडधाकट माणसे बसली की उरतात १९०. आठ बाय चारचा १८ मिमी प्लाय ३५ किलोच्या आसपास भरतो, १२ मिमीचा २३ किलो. सुतार मजबुतीच्या नावाखाली चारही बाजूंना १८ मिमी लावतो, त्यावर सनमायका चिकटवतो, आणि सामान चढण्याआधीच पन्नास-साठ किलो संपतात. त्यापेक्षा २५ मिमी चौरस पाइपची फ्रेम आणि वर १२ मिमी फळी पुरते. दोन मिमी जाडीचा हा पाइप मीटरला दीड किलोहून कमी भरतो. अ‍ॅल्युमिनियम आणखी हलके, पण त्याचे वेल्डिंग कोपऱ्यावरच्या वर्कशॉपचे काम नाही. खाचांचे तयार सेक्शन नट-बोल्टने जोडणे बरे. फळीसाठी मरीन प्लाय चांगला. सेंट्रिंगच्या कामातला शटरिंग प्लायही चालतो. वरच्या गुळगुळीत फिल्ममुळे बॅगा सहज सरकतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मात्र नकोच. ते ओल धरतात आणि खडखडाटाने त्यातले स्क्रू सुटतात.

माप टेपने घेऊन भागत नाही. चाकांची खोकी आणि बाजूची प्लास्टिक पॅनेल वाकडीतिकडी असतात, म्हणून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून साचा करतात. साचा गाडीत फिरवून पाहायचा, मागचे दार लावून पाहायचे, मग प्लायवर करवत. फळी आणि पॅनेलमध्ये बोटभर फट ठेवून तिथे रबर किंवा फेल्ट लावतात. नाहीतर पहिल्याच कच्च्या रस्त्यावर करकर सुरू होते.

सर्वांत जास्त हलगर्जी होते ती बांधणीत. जिम्नीची चासी शिडीची आणि भक्कम असली तरी डिकीचा तळ पातळ पत्र्याचा आहे. त्यात मारलेले सेल्फ-टॅपिंग स्क्रू धक्क्याने पत्र्यासकट उचकटतात. शिवाय खाली इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या असू शकतात. सीटच्या बोल्टची मूळ भोके आणि कंपनीने दिलेल्या कड्या वापरणे योग्य. टकरीत गाडीचा वेग क्षणात शून्यावर येतो आणि गुरुत्वाच्या वीसपट झटका बसला, तर २० किलोची हत्यारपेटी ४०० किलोच्या जोराने पुढच्या सीटवर येते. कोपऱ्यांत चार लोखंडी कड्या आणि रॅचेट पट्टा हा खर्च नक्षीदार हँडलांपेक्षा आधी करावा.

ड्रॉवरचे चॅनेलही तसेच. स्वयंपाकघरातले टेलिस्कोपिक चॅनेल सपाट जमिनीसाठी असतात. घाट चढताना भरलेला ड्रॉवर आपोआप मागे सरकून दारावर आदळतो. बंद आणि पूर्ण उघड्या, दोन्ही स्थितींत लॉक होणारे चॅनेल घ्यावेत, किंवा ड्रॉवर टाळून झाकणाचे प्लास्टिकचे डबे ठेवावेत. हलक्या गाडीत दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा, दिसायला जरा गबाळा असला तरी.

जड वस्तू सीटच्या पाठीला लागून, मागच्या आक्सलच्या पुढे ठेवतात. अगदी दारापाशी ठेवल्या तर पुढची चाके हलकी होतात, चढावर स्टेअरिंग सैल वाटते, हेडलाइट आभाळाकडे बघतात. जिप्सीला पाटे होते, एखादा वाढवता येई. जिम्नीत कॉइल स्प्रिंग असल्याने जास्त भाराचे स्प्रिंगच बदलावे लागतात. तरीही हे वजन टपावरच्या कॅरियरपेक्षा परवडते, कारण १६४५ मिमी रुंद आणि १७२० मिमी उंच गाडी आडव्या उतारावर आधीच नाजूक असते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितले. आसनसंख्या आरसीवर असते, म्हणून सीट कायमची काढण्यापेक्षा ती मिटवून वर बसणारा, पाच-सहा बोल्टांत सुटणारा प्लॅटफॉर्म सोयीचा. सुटणारा असण्याचा कोकणात आणखी एक फायदा आहे: पावसाळ्यात कार्पेटखाली साचलेली ओल वाळवायला आणि पत्र्याचा गंज पाहायला तो उचलून बाहेर काढता येतो.