जिल्हा परिषदेच्या लेखा कर्मचाऱ्यांचा पगार कसा ठरतो?

गावातल्या रस्त्याचं किंवा शाळाखोलीचं बिल लेखा शाखेतून तपासून पुढे जातं. तिथल्या टेबलावरच्या माणसाचा पगार कसा ठरतो, हे मात्र अनेकांना माहीत नसतं.

राज्यात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला. प्रत्यक्ष पगार २०१९ पासून वाढला. जुना 'ग्रेड पे' गेला आणि 'एस' क्रमांकाचे वेतनस्तर आले. जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक (लेखा) एस-६, म्हणजे १९,९०० ते ६३,२००. वरिष्ठ सहाय्यक (लेखा) एस-८, २५,५०० ते ८१,१००. कनिष्ठ लेखाधिकारी एस-१३, ३५,४०० ते १,१२,४००. तिन्ही पदं गट-क मधली.

हिशोब सोपा आहे. जुनं मूळ वेतन (ग्रेड पे धरून) गुणिले २.५७. ७,७३० असेल तर १९,८६६ येतात. तक्त्यात त्याच्या वरचा आकडा १९,९००, तोच नवा पगार. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं.

खरी अडचण निवृत्तीच्या वेळी येते. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं. वेतननिश्चिती चुकलेली निघाली की वसुली निघते, पेन्शनचं काम अडतं. गट क, ड आणि निवृत्त कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. पण जादा रक्कम परत करू असं हमीपत्र दिलेलं असलं, तर वाद होतो.

म्हणून प्रत्येक वेतननिश्चितीनंतर सेवापुस्तकातली नोंद आणि पडताळणीचा शिक्का तेव्हाच बघून घ्यावा. निवृत्तीपर्यंत थांबू नये.