चमच्याच्या पाठीवरचे शिक्के

जुना इंग्लिश चांदीचा चमचा हाती आला की जाणकार तो आधी पालथा करतो. दांडीच्या पाठीवर बारीक ठसे असतात: पंजा उचलून चालणारा सिंह, मुकुट घातलेलं बिबट्याचं डोकं, एखादं अक्षर, शेजारी कारागिराची आद्याक्षरं. भिंगाखाली ते वाचले की गाव, साल आणि कारखाना कळतो. संग्राहकांना ही चमच्याची कुंडली वाटते. मला ती सोनारांवरच्या अविश्वासाची वाढत गेलेली फाईल वाटते.

पहिला कागद १३०० सालचा. पहिल्या एडवर्डच्या कायद्याने चांदी हजारात ९२५ भाग चोख हवी असं ठरलं आणि कसाला उतरलेल्या मालावर बिबट्याचं डोकं उमटू लागलं. हीण जास्त निघालं तर धरायचं कोणाला? म्हणून १३६३ पासून प्रत्येक सोनाराला स्वतःची खूण सक्तीची झाली. आता सोनार सापडत होता, पण कस लावणाराच मिंधा असला तर? १४७८ मध्ये त्याचाही बंदोबस्त झाला. दरवर्षी बदलणारं अक्षर आलं, म्हणजे कुठल्या वर्षीच्या पारख्याने डोळेझाक केली ते सांगता यावं. आज ज्या अक्षरावरून आपण चमच्याचं वय काढतो, ते असं पारख्याला बांधून ठेवायला आलेलं आहे. लंडनच्या वीस अक्षरांच्या चक्रात जे नसे आणि यू नंतर पुन्हा ए येई. त्यामुळे नुसतं अक्षर पुरत नाही, त्याचं वळण आणि भोवतालच्या चौकटीचा आकारही पाहावा लागतो.

सिंह १५४४ चा. मधलं एक प्रकरण गमतीचं आहे: नाणी वितळवून भांडी करायचा सपाटा इतका वाढला की १६९७ मध्ये भांड्यांची चांदी मुद्दाम नाण्यांपेक्षा चोख, हजारात सुमारे ९५८ भाग, करावी लागली. १७२० मध्ये जुना कस परत आला, पण सोबत औंसामागे सहा पेनी कर घेऊन. लगेच पळवाटही निघाली. छोटासा जिन्नस छापून आणायचा, शिक्क्यांचा तुकडा कापायचा आणि मोठ्या भांड्याला डाक लावून चिकटवायचा!

चमच्यात अशी लबाडी अवघड. तिथली अडचण वेगळी होती. साधारण १७८० पर्यंत ठसे दांडीच्या खालच्या भागात, वाटीजवळ मारत. दांडी तिथे अरुंद. ठशाच्या दणक्याने ती फाकायची, मग सोनार ती पुन्हा ठोकून नीट करायचा आणि त्यात सिंह चेपून लांबट व्हायचा. पुढे ठसे दांडीच्या रुंद टोकाकडे सरकले आणि एका ओळीत स्पष्ट उमटू लागले. १७८४ मध्ये कर भरल्याची पावती म्हणून त्यांत राजाचं डोकं आलं; ते १८९० पर्यंत टिकलं.

कारागिराची खूण म्हणजे घडवणाऱ्याचीच सही, असं मात्र समजू नये. माल ज्याच्या नावाने तपासणीला जाई, त्याची ती खूण. लंडनच्या हेस्टर बेटमनने नवरा वारल्यावर १७६१ मध्ये आपली एच बी ही वळणदार अक्षरं नोंदवली. तिच्या खुणेचे चमचे आज हौसेने घेतले जातात, पण हातोडा बहुतेक मुलांचा आणि कामगारांचा असणार. १७९० मध्ये ती निवृत्त झाली आणि पीटर व जोनाथन या मुलांनी जोडखूण घेतली. पुढच्याच वर्षी जोनाथन गेला. त्याची विधवा ॲन हिने दिराबरोबर नवी खूण नोंदवली आणि कारखान्याच्या चमच्यांवर पी बी च्या खाली ए बी उमटू लागलं.