ओल भिंतीत असते, दोष माणसावर येतो

पूर ओसरला की बातमी संपते. दिव्यात मात्र खरे संकट त्यानंतर सुरू होते. चाळीत शिरलेले गुडघाभर पाणी ओहोटी लागली की काही तासांत निघून जाते, पण भिंतीत मुरलेली ओल महिनोन्‌महिने हटत नाही. आठवड्याभरात काळे ठिपके दिसतात, मग पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी चढते आणि लेकरांचा खोकला थांबत नाही. या ओलीला इतिहास आहे आणि तो जातीचा व वर्गाचा इतिहास आहे, असे आमचे म्हणणे आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. 1897 साली साथरोग कायदा आला. पथके घराघरांत शिरली, कार्बोलिक आणि चुना मारला गेला, आणि राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमों याने 1898 मध्ये मांडले. ते मान्य व्हायला पुढे कैक वर्षे लागली. तोवर सरकारच्या लेखी दोषी होती ती गरिबाची दमट खोली आणि तिच्यात राहणारा गरीब. त्याच 1898 साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, पण जितक्या खोल्या पाडल्या तितक्या गरिबांना बांधून दिल्या नाहीत. खोली गेली आणि माणूस शेजारच्या आणखी दाट वस्तीत ढकलला गेला.

बाबासाहेब याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत अनेक वर्षे राहिले. गरिबाचे घर कसे असते हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांनी घेतले, तेव्हा सनातन्यांनी शेण-गोमूत्राने तळे ‘शुद्ध’ केले. घाण पाण्यात न शोधता माणसात शोधायची, ही ती नजर. प्लेगच्या पथकांची नजर आणि महाडच्या सनातन्यांची नजर यांची भाषा वेगळी होती, निष्कर्ष मात्र एकच निघत होता.

आता दिव्याकडे या. 1854 मध्ये ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे गेली ती याच खाडीकाठच्या सखल भागातून. इथे खाजण होते, भातखाचरे होती. कोकणातल्या खार जमिनीत भरतीचे पाणी बांध घालून अडवावे लागते, आणि हा बांध कुळाच्या घामावर टिकत असे. पिकाचा मोठा वाटा मात्र खोताकडे जाई. म्हणूनच अलिबागजवळच्या चरी गावी 1933 ते 1939 असा शेतकऱ्यांचा संप चालला. नारायण नागू पाटील यांच्या या लढ्याला बाबासाहेबांनी साथ दिली आणि 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पाणी अडवणारा एक आणि लाभ घेणारा दुसरा, ही व्यवस्था त्यांनी नेमकी ओळखली होती.

पुढे मुंबईतले भाडे न परवडणारा कष्टकरी दिव्यात आला. खाजणावर भराव पडला, नाले अरुंद झाले, बिल्डर पैसे घेऊन मोकळा झाला. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाण्याला जायला वाट उरत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदीने बदलापूर-कल्याणचा पट्टा बुडवला. बुद्धाने प्रतीत्यसमुत्पाद सांगितला आहे: कारणाशिवाय काही घडत नाही. मग दिव्यातली ओल हे नशीब कसे?

आता मदतीचे निकष पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून कपड्यांसाठी 2500 आणि भांड्यांसाठी 2500 रुपये मिळायचे, तर घर वाहून गेलेले, पूर्ण पडलेले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त बुडालेले असावे लागते. दिव्यात पाणी त्याच दिवशी उतरते. घराच्या नुकसानीसाठी बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो. अनधिकृत इमारतीतला रहिवासी तो कुठून आणणार? पंचनामा होतो तेव्हा बुरशी आलेली नसते, बुरशी येते तेव्हा तलाठी आलेला नसतो.

मग रहिवासी कर्ज काढतो, आणि तेही चुकीच्या जागी खर्च होते. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग मारला की ओल आत कोंडते. आधी वीज बंद करून वायरिंग तपासून घ्यावे. भिजलेल्या गाद्या, फुगलेले प्लाय टाकून द्यावे. पाण्याच्या खुणेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत गिलावा काढून भिंत उघडी ठेवावी आणि कित्येक आठवडे वाळू द्यावी. बुरशी कोरड्या झाडूने झटकू नये, तिचे कण घरभर उडतात. तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर वापरली तर तीत अ‍ॅसिड कधीच मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. खाडीच्या पाण्यातले मीठ भिंतीत राहिले तर ते पुन्हा ओल ओढते, म्हणून लोणा लागलेला गिलावा काढल्याशिवाय इलाज नाही. पण भाड्याच्या एका खोलीत पाच माणसे असताना भिंत महिनाभर उघडी ठेवायची कुठे राहून?

ब्रिटनमध्ये रॉचडेल इथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये घरातल्या बुरशीमुळे दगावला. घरमालक संस्थेने आधी कुटुंबाच्या राहणीमानावर बोट ठेवले होते. लोक लढले आणि 2023 च्या कायद्याने सामाजिक घरांच्या मालकांवर ठराविक मुदतीत ओल-बुरशी दूर करण्याचे बंधन आले. तिथेही आधी दोष माणसावरच आला होता, हे लक्षात ठेवा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पाणी उतरल्यावर तीन आठवड्यांनी दुसरा पंचनामा व्हावा आणि त्यात ओल, बुरशी, मुलांचे श्वसनाचे आजार यांची नोंद व्हावी. दोन दिवसांची अट जावी. घर अनधिकृत असले तरी रहिवासी अनधिकृत नसतो, म्हणून दाखल्याची अट रहिवाशाच्या मदतीआड येऊ नये. आणि पावसाळ्याआधी नाले मोकळे करण्याचा हिशेब वस्तीसमोर मांडला जावा. वस्तीवस्तीत भिंतींचे फोटो तारखेसह काढून ठेवा, अर्ज लिहा, पोच घ्या. नोंद नसेल तर उद्या पुन्हा आपल्यालाच घाणेरडे ठरवले जाईल.

जय भीम.