महाग दृष्टि आणि स्वस्त तिकीट

नवें यंत्र बाजारांत आलें कीं लोक प्रथम त्याचें कौतुक करतात आणि मग किंमत विचारतात. किंमत ऐकल्यावर जी कुरकुर सुरू होते, तीही इतिहासाचें एक साधन होय. कारण त्या यंत्रापासून लोकांस खरोखर काय हवें होतें, तें कौतुकापेक्षां कुरकुरींतून अधिक स्पष्ट कळतें. आभासी सृष्टि दाखविणाऱ्या हेडसेटची कथा या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

हेडसेट म्हणजे डोळ्यांवर बांधावयाची पेटी. दोन डोळ्यांपुढें किंचित् निराळीं अशीं दोन चित्रें धरलीं म्हणजे मनाला त्यांत खोली भासते. आणि मान वळवावी तसें चित्रही वळूं लागलें, म्हणजे आपण त्या देखाव्याच्या आंतच उभे आहों असें पाहणाऱ्यास वाटतें. २०१२ सालीं ऑक्युलस या अमेरिकन कंपनीनें लोकांकडून आगाऊ रकमा घेऊन याचा प्रायोगिक नमुना ३०० डॉलरांस देऊं केला. पुढें संस्थापक पामर लकी यांनीं विक्रीची किंमत ३५० डॉलरांच्या आसपास राहील असें सुचविलें होतें. परंतु जानेवारी २०१६ मध्यें जाहीर झालेली किंमत निघाली ५९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दरानें सुमारें ४०,००० रुपये. शिवाय तो चालविण्यास सामर्थ्यवान् संगणक लागे. दोन्ही एकत्र घेऊं म्हटलें तर १,४९९ डॉलरांपासून पुढें मोजावे लागत. ग्राहक संतापले. त्यांच्या रागाचें मूळ ५९९ पेक्षां आधीं कानांवर पडलेल्या ३५० या आकड्यांत होतें, आणि आपण किंमतीविषयीं नीट बोललों नाहीं हें लकी यांनींही उघडपणें मान्य केलें. गंमत अशी कीं, नोंदणी सुरू होतांच पहिला साठा संपला! पुढील वर्षीं भारतांत विक्रीस आलेल्या एचटीसी कंपनीच्या व्हाइव्ह हेडसेटची किंमत तर ९२,९९० रुपये होती.

महाग दृश्यास दर कसा लावावा, हा प्रश्न मुंबईनें फार पूर्वीं पाहिलेला आहे. ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दाखविण्यांत आलीं. स्टेशनांत येणारी आगगाडी, समुद्रस्नान असे सहा लहान देखावे, आणि दर माणशीं एक रुपया. आठवड्याभरांत खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहांत गेले, व लवकरच चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत निरनिराळे दर ठेवण्यांत आले. पडदानशीन स्त्रियांकरितां राखीव बैठकींचीही सोय झाली. यंत्र तेंच, आगगाडीही तीच. फरक काय तो खुर्चींत! ज्यास यंत्रच घरीं हवें, त्यास मात्र वेगळें मोल पडे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला, त्यास २१ गिनी, म्हणजे तीनशें रुपयांहून अधिक, पडले. पण त्यांनीं टिपलेली कुस्ती पाहण्यासाठीं प्रेक्षकांस गिन्या मोजाव्या लागल्या नाहींत.

दर उतरला म्हणजे कुरकुर संपते असेंही नाहीं. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पुढें इतर गांवीं अडचण आली ती नाटकांची. दोन आण्यांत सहा तास नाटक पहावयास मिळत असतां, दीड तासाच्या खेळास तीन आणे कोण देणार? फाळक्यांनीं दर न उतरवितां जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, अवघ्या तीन आण्यांत! फिल्मच्या एका फुटांत सोळा चित्रें मावतात. तेव्हां ५७,००० चित्रांस साडेतीन हजार फुटांहून थोडी अधिक फिल्म लागेल. आणि मैल तर ५,२८० फुटांचा! चित्रांची संख्या जुळते, दोन मैल मात्र जुळत नाहींत. पण गिऱ्हाइकाचें मन त्यांनीं अचूक ओळखलें होतें. तें नेहमीं तुलना करून किंमत ठरवितें, आणि नव्या वस्तूची तुलना करावयास त्याच्याजवळ जुनीच वस्तु असते.

हेडसेटच्या बाबतींतही पुढें दर उतरले. २०१७ च्या उन्हाळ्यांत ऑक्युलसचा संच कांहीं काळ ३९९ डॉलरांस मिळूं लागला, आणि २०१८ सालीं संगणकावांचून चालणारा साधा हेडसेट १९९ डॉलरांत आला. त्यापूर्वींच, २०१४ सालीं, गूगलनें पुठ्ठ्याची घडी व दोन भिंगें यांत खिशांतला फोन बसवून हीच करामत साधली होती. जानेवारी २०१६ पर्यंत अशा पन्नास लाख पुठ्ठ्यांच्या पेट्या लोकांच्या हातीं गेल्या. हें चार आण्यांचें तिकीटच होतें. अर्थात् देखावाही चार आण्यांच्या खुर्चींतून दिसावा तसाच.

तरीही एक भेद उरतो, आणि तो आमच्या गडचिरोली जिल्ह्यांतून विशेष स्पष्ट दिसतो. भामरागड तालुक्यांतील हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या परिश्रमानें तेथें माडिया मुलांकरितां शाळाही उभी राहिली. अशा अरण्यांतल्या एखाद्या शाळेंत तीनशें मुलें आहेत असें समजा. ९२,९९० रुपयांचा हेडसेट त्यांच्यांत वांटला तर माणशीं ३१० रुपये पडतात. ज्यानें समुद्र कधीं पाहिला नाहीं त्यास तो सभोंवार उसळतांना दिसणार असेल, तर ही रक्कम जड नव्हे. पण तो एका वेळीं एकाच्याच डोळ्यांवर बसतो. प्रत्येकास दहा मिनिटें म्हटलें तरी पन्नास तास झाले. रोज एक तास धरला तर शेवटच्या मुलाची पाळी पन्नासाव्या दिवशीं येणार. नॉव्हेल्टींतली आगगाडी चार आणेवाल्यास आणि दोन रुपयेवाल्यास एकाच क्षणीं दिसली, व दोघेही एकमेकांकडे पाहून हंसूं शकले. हेडसेट महाग म्हणून लोकांनीं जी ओरड केली, तींत या उणिवेचा उच्चार फारसा झाला नाहीं. घरोघर एकेक पेटी घेऊं शकणाऱ्यांस ती जाणवणारही नाहीं. पन्नासाव्या दिवसाची वाट पाहणाऱ्या मुलास मात्र ती पुरती जाणवेल.