सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही? मेकॅनिकला बोलवण्याआधी एवढं तपासा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास आईला दम लागला. अंगणातल्या जुन्या पेट्रोल गाडीला सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं, पण पकडेना. घाबरून पंधरा मिनिटं नुसता सेल्फ मारत बसलो आणि बॅटरीही उतरवली. शेवटी शेजारच्यांच्या पिकअपमधून आईला नेलं. सकाळी कळलं, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरली होती. कोरड्या फडक्याने पुसायचं, दोन मिनिटांचं काम!

म्हणून पहिली सूचना: घरात पेशंट असेल तर बोनेट उघडत बसू नका, आधी १०८ ला फोन लावा. गाडी नंतर बघा.

मारुती ८०० ही १९८३ साली आली आणि २०१४ पर्यंत बनत होती. आपल्या खेड्यापाड्यात ती आणि तिच्या वयाच्या गाड्या अजून पळतात. त्यातल्या जुन्या गाड्या कार्बोरेटरच्या, नंतरच्या इंजेक्शनच्या (एमपीएफआय). पेट्रोल, करंट आणि हवा, या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळाल्या की इंजिन पकडतं. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर बहुधा ठीक आहेत. यातलं काय कमी पडतंय तेवढं शोधायचं.

आधी कान आणि नाक वापरा

इंजिन रोजच्यासारखं फिरतंय का? संथ, दमल्यासारखं फिरत असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा टर्मिनलवर पांढरा थर साचला आहे. एकदम हलकं, भरभर फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर गाडी ओव्हर झाली. कार्बोरेटरच्या गाडीचा चोक बंद करा, दहा मिनिटं थांबा, मग ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. ॲक्सिलेटर पंपासारखा मारू नका.

पेट्रोल येतंय का?

जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल टाकून बघा. कार्बोरेटरची गाडी असेल तर एअर फिल्टरचं झाकण काढा आणि मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात आत बघत ॲक्सिलेटरची तार ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आहे. धार नाही तर फिल्टर तुंबला, रबरी नळी चिरली किंवा पंप गेला. विडी-सिगारेट लांब ठेवा.

इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवली की मागे टाकीकडून दोन-तीन सेकंद 'घूं' असा आवाज येतो. तो नसेल तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले बघा.

गाडी महिनोन्महिने उभी असेल तर पेट्रोल शिळं होतं. त्यात इथेनॉल असेल तर ते पाणीही ओढून घेतं.

करंट येतोय का?

डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडा. ओल, तडा, काळी रेघ दिसते का बघा. आतून-बाहेरून पुसा. पॉइंटची गाडी असेल तर पॉइंट जळालेत का तेही बघा. मग एका प्लगची वायर काढून तिला जादा प्लग लावा. प्लगचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी पडली पाहिजे. पेट्रोल सांडलेलं असेल किंवा वास येत असेल तर ही चाचणी करायची नाही. इंजेक्शनच्या गाडीत हा प्रयोग स्वतः करू नका.

आपल्याकडे उंदीर हा मोठा मेकॅनिक! वायरी कुरतडतो, एअर फिल्टरमध्ये घरटं करतो. दोन्ही तपासा.

इथे थांबा

टोपी काढून सेल्फ मारल्यावर आतला रोटर फिरत नसेल तर बहुधा बेल्ट तुटला आहे. पुन्हा सेल्फ मारू नका, धक्काही मारू नका, गाडी ओढून न्या. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा दिवा चावी फिरवूनही लागत नसेल किंवा चावीचा दिवा लुकलुकत असेल तर कॉम्प्युटर लावून तपासणाऱ्याकडेच न्या.

लक्षात ठेवा

- एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा.
- एका वेळी एकच गोष्ट बदला.
- मेकॅनिकला 'गाडी बंद आहे' एवढंच सांगू नका. 'सेल्फ फिरतो, पेट्रोल येतंय, करंट नाही' असं सांगा. नको ते पार्ट बदलायचा खर्च वाचतो.

पावसाळा तोंडावर आहे. एखाद्या रविवारी दिवसाउजेडी बोनेट उघडून हे सगळं एकदा बघून ठेवा. रात्री दोन वाजता शिकायची वेळ येऊ नये.